दंडावरचा शुगर सेन्सर: लावायचा कसा, वाचायचा कसा आणि बोट कधी टोचायचं

इन्सुलिन घेणाऱ्यांना सेन्सर वापरायला शिकवणं हे माझं रोजचं काम. लावायला दोन मिनिटं पुरतात. वेळ जातो तो आकडा वाचायला शिकवण्यात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोन ठरलेला: "सिस्टर, बोट टोचून मीटर 148 म्हणतंय आणि हा सेन्सर 126. खोटं कोण बोलतंय?" बहुतेक वेळा कुणीच नाही. त्याकडे येते, आधी लावून तर घेऊ.

जागा पुस्तिकेत दिली असेल तीच घ्या. बहुतेक सेन्सरसाठी ती दंडाची मागची मऊ बाजू असते. ज्या कुशीवर झोपता त्या बाजूचा दंड सोडा. व्रण, तीळ, सुया टोचून टोचून घट्ट झालेली जागा टाळा. साध्या साबणाने धुवा, कोरडं करा, स्पिरिटचा बोळा फिरवा आणि थांबा. हे थांबणंच लोक हमखास गाळतात. ओल्या स्पिरिटवर पट्टी धरत नाही आणि मग सेन्सर अंग पुसताना टॉवेलबरोबर निघून येतो. अॅप्लिकेटर, म्हणजे सेन्सर आत बसवणारं सोबतचं साधन, कातडीवर सपाट टेकवून दाबा. खट् झाल्यावर लगेच ओढू नका, क्षणभर धरून ठेवा, मग पट्टीच्या कडेवरून बोट फिरवून घ्या. थेंबभर रक्त आलं तर येऊ दे. थांबेचना तर काढून दुसरीकडे नवा लावा.

सुई परत बाहेर येते. आत साधारण 5 मिलिमीटरची मऊ, बारीक तार राहते, तिच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमचा लेप असतो. ग्लुकोजशी त्याची क्रिया झाली की अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो. ग्लुकोज जास्त तर प्रवाह जास्त. एन्झाइम आणि इलेक्ट्रोड यांची सांगड घालायची कल्पना लेलँड क्लार्क यांनी 1962 मध्ये मांडली. 1999 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला असा पहिला सेन्सर जेमतेम तीन दिवस चालायचा, आणि आकडे रुग्णाला दिसायचेच नाहीत, नंतर डॉक्टर बघायचे. आताचे 10 ते 15 दिवस टिकतात, बहुतेकांना मीटरशी जुळवून घ्यावं लागत नाही. कातडीखाली बसवायचा एव्हरसेन्स तर वर्षभर चालतो, पण त्यात तार नाही, एन्झाइमही नाही. तो प्रकाशावर मोजतो.

पहिला दिवस. तार शिरली तिथे छोटीशी जखम झालेली असते, म्हणून पहिले 24 तास आकडे भरकटू शकतात. यंत्र अर्ध्या-एक तासात सुरू होतं खरं, पण सुरू झालं म्हणजे स्थिरावलं असं नाही. त्या दिवशी इन्सुलिनचा डोस ठरवण्याआधी बोट टोचा. पुस्तिका प्रत्येक वेळी तसं सांगतेच असं नाही, मी सांगते.

आता मुख्य गोष्ट. ती तार रक्तात नसते, पेशींच्या मधल्या द्रवात असते. रक्तातलं ग्लुकोज तिथे पोचायला 5 ते 15 मिनिटं लागू शकतात. शुगर स्थिर असेल तर हे कळतही नाही. पण ती मिनिटाला 2 ने उतरत असेल आणि सेन्सर 10 मिनिटं मागे असेल, तर पडद्यावर 90 दिसत असताना रक्तात 70 असू शकते. म्हणून शिकवताना मी आकड्यावर अंगठा ठेवायला लावते आणि फक्त शेजारचा बाण विचारते; शुगर कुठे आणि किती वेगाने चाललीय ते तो सांगतो. आडवा म्हणजे मिनिटाला 1 पेक्षा कमी फरक, तिरका म्हणजे 1 ते 2, सरळ उभा म्हणजे 2 च्या वर. यंत्रागणिक थोडं इकडेतिकडे. 110 आणि आडवा बाण, निवांत राहा. 110 आणि बाण सरळ खाली, तर गाडीची किल्ली खाली ठेवा.

हाच उशीर हायपोतून, म्हणजे शुगर फार खाली गेल्यावर, वर येताना जास्त छळतो. शुगर 62. तुम्ही 15 ग्रॅम ग्लुकोज घेतलं, 15 मिनिटं थांबलात, आणि सेन्सर अजून 60 वरच. घाबरून आणखी ग्लुकोज, मग पुन्हा ग्लुकोज, आणि तासाभरात 260. अशा वेळी बोट टोचा. रक्त आधीच वर आलेलं असतं, सेन्सर मागून येतो.

आणि फोनवरचं ते 148 नि 126? मीटरसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा नियम असा: 100 च्या वर, शंभरातली 95 मापं प्रयोगशाळेच्या आकड्याच्या 15 टक्क्यांच्या आत हवीत. चांगल्या सेन्सरची सरासरी तफावत 8 ते 10 टक्के. खरी शुगर 137 असेल तर एक 11 ने वर, दुसरा 11 ने खाली, दोघेही आपापल्या हद्दीत. तुलना करायचीच तर बाण आडवा असताना करा, जेवल्यावर अर्ध्या तासाने नको.

घाम, थरथर, डोकं हलकं, आणि पडद्यावर 115? अंगावर विश्वास ठेवा, बोट टोचा.

रात्रीचं वेगळं प्रकरण. दंड अंगाखाली येऊन सेन्सर दाबला गेला की तिथला द्रव कमी होतो आणि यंत्र हायपो समजून ओरडतं. आलेखात हे ओळखू येतं: कड्यासारखा सरळ खड्डा, आणि कूस बदलली की तितक्याच झटक्यात वर. खरा हायपो बहुधा उतरणीने येतो. पण हा अभ्यास सकाळी करायचा. रात्री अलार्म वाजला तर उठून बसा आणि टोचून बघा.

अलार्म खालचा 70 वर ठेवा, वरचा सुरुवातीला 250 वर. पहिल्याच दिवशी 180 लावणारे चौथ्या दिवशी सगळे अलार्म बंद करून टाकतात. जेवणानंतरचा चढ बघून लगेच पुन्हा इन्सुलिन टोचू नका. आधीचा डोस काही तास काम करतच असतो, आणि दोन्ही मिळून शुगर पाडतात.

गोळ्यांची यादी पुस्तिकेशी पडताळून बघा. काही सेन्सर 'क' जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसने, काही हायड्रॉक्सियुरिया या औषधाने खोटा चढा आकडा दाखवतात.

डॉक्टरांकडे जाताना 14 दिवसांचा अहवाल न्या, त्यात निदान 70 टक्के वेळेची नोंद हवी. बहुतेक प्रौढांसाठी 70 ते 180 मध्ये 70 टक्क्यांहून जास्त वेळ, म्हणजे दिवसातले जवळपास 17 तास, हे लक्ष्य. 70 च्या खाली 4 टक्क्यांहून कमी, 54 च्या खाली 1 टक्क्याहून कमी. वयस्कर, नाजूक प्रकृतीच्या माणसांना 50 टक्के पुरे, पण 70 खालचा वेळ 1 टक्क्याच्या आत हवा. गरोदरपणाचं गणित निराळं. मी अहवाल नेहमी खालून वर वाचते: आधी हायपो, मग बाकी सगळं.

"घड्याळच शुगर सांगतं म्हणे, मग हे कशाला?" असं बरेच जण विचारतात. कातडी न टोचता स्वतः शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, फेब्रुवारी 2024 मध्ये दिला होता. सेन्सरचा आकडा घड्याळावर दिसणं वेगळं, तो सेन्सरचाच असतो.

काढताना पट्टीच्या कडेला तेल लावून पाच मिनिटं थांबा आणि हळूहळू सोलत न्या. तार अख्खी बाहेर आली का बघा. पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडावर.