टाचदुखी : या चुका टाळा

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकताच टाचेत सुई टोचल्यासारखी कळ यावी, थोडे चालल्यावर ती ओसरावी आणि बराच वेळ बसून उठल्यावर पुन्हा जाणवावी, असा क्रम असेल तर ते दुखणे बहुधा प्लांटर फॅसिआयटिसचे असते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला, तळपायाची कमान तोलून धरणारा जाड पट्टा टाचेपाशी वारंवार ताणला गेल्याने ते उद्भवते.

पहिली चूक एक्स-रे पाहताना होते. टाचेखाली वाढलेले हाड दिसले की सारा दोष त्याच्या माथी मारला जातो. वास्तविक असे हाड कधीही टाच न दुखलेल्या अनेकांमध्ये आढळते, त्यामुळे ते काढून टाकण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नसतो.

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे झटकन उठून चालू लागणे. रात्रभर पाऊल खाली झुकलेले राहिल्याने पट्टा आणि पोटरी आखडलेली असतात. म्हणून पलंगाच्या कडेवर बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, बोटे हाताने नडगीकडे ओढून 10 आकडे मोजावेत आणि असे 10 वेळा करावे; दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कमान चाचपल्यावर पट्टा दोरीसारखा ताठ लागला, तर ताण योग्य जागी बसतो आहे असे समजावे. हा व्यायाम दिवसातून 3 वेळा करावा. पंधरवड्यात गुण आला नाही म्हणून तो सोडू नये, कारण हे दुखणे बरे व्हायला कित्येक महिने लागतात.

घरातल्या कडक फरशीवर अनवाणी वावरणे, विशेषतः ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहणे, टाचेला सोसत नाही. स्वयंपाकघरात चप्पल न चालणाऱ्या घरांत केवळ घरात वापरायचा, मऊ टाचेचा वेगळा जोड ठेवावा. झिजलेली सपाट स्लिपर त्या कामाची नाही.

तापवलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून टाच शेकण्याची पद्धत अनेक घरांत आहे. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये, कारण चटका बसलेला त्यांना कळतही नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने लवकर आराम पडतो, परंतु ते वारंवार घेतल्यास पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो.

झोपेतही टाच ठणकत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर तीव्र कळ येत असेल किंवा तरुण वयात दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबरही आखडत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.