ट्रकच्या अपघातानंतर वकिलाकडे जाण्याआधी: तयारीची यादी

घरातलं माणूस आयसीयूत असताना कागद गोळा करा, असं सांगणं निष्ठुरपणाचं वाटतं. तरीही सांगतो, कारण ट्रकच्या अपघातात पुरावा फार लवकर नाहीसा होतो. ट्रक सुपूर्तनाम्यावर, म्हणजे हमी लिहून घेऊन मालकाला परत देण्याच्या आदेशावर, सुटतो आणि दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर लागतो. टोलनाक्यावरच्या, पंपावरच्या कॅमेऱ्यांचं जुनं चित्रण पुसलं जातं. ड्रायव्हर नोकरी सोडून निघून जातो. म्हणून एकाने दवाखाना सांभाळावा आणि दुसऱ्या विश्वासाच्या माणसाने फक्त कागदांचं बघावं.

दवाखान्यातला पहिला कागद सगळ्यांत महत्त्वाचा. दाखल करताना धांदलीत कुणीतरी ‘गाडीवरून पडला’ एवढंच सांगतं आणि केसपेपरवर तेच उतरतं. पुढे विमा कंपनीचा वकील हाच कागद पुढे करतो आणि ट्रकचा संबंधच नव्हता म्हणतो. त्यामुळे एमएलसी (पोलिसांना कळवायच्या अपघाताच्या केसची दवाखान्यातली नोंद) केली आहे ना, ट्रकने धडक दिल्याचं आणि वेळ बरोबर लिहिली आहे ना, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारून घ्या. 2025 पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार तिच्यात बसतात. दवाखान्याकडे तिची आठवण तुम्हीच करून द्या. औषधाच्या दुकानाची पावती, रुग्णवाहिकेची पावती, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, काहीही टाकू नका. पावत्यांची शाई उडते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

आता पोलिस ठाणं. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घ्याच. पण खरा जीव असतो घटनास्थळाच्या पंचनाम्यात. त्यात रस्त्याची रुंदी, ब्रेकच्या खुणांची लांबी, काचा कुठे पडल्या, कुठली गाडी कुठल्या बाजूला होती, हे लिहिलेलं असतं, सोबत कच्चा नकाशा असतो. दोष कुणाचा हे बहुतेक वेळा याच दोन-तीन पानांवरून ठरतं. रात्री महामार्गावर उभ्या ट्रकवर मागून आदळून झालेल्या अपघातात तर हे फारच खरं आहे. ट्रकचे पार्किंग दिवे चालू होते का, मागे रिफ्लेक्टर किंवा त्रिकोण होता का, ट्रक रस्त्यावर किती आत उभा होता, याची नोंद पंचनाम्यात नसेल तर ‘मागून येणाऱ्याचीच चूक’ हे गृहीत धरलं जातं. एखादी गोष्ट राहिली असेल तर तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जागेचे स्वतःचे फोटो काढा, शक्यतो अपघात झाला त्याच वेळेच्या उजेडात. पाहणाऱ्यांचे नाव-नंबर घ्या. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 134-अ प्रमाणे संरक्षण आहे, हेही त्यांना सांगा. माणसं भीतीपोटी मागे सरतात.

ट्रकची बाजू वेगळी बघावी लागते, कारण इथे एकटा ड्रायव्हर नसतो. मालक एक, माल दुसऱ्याचा, गाडी तिसऱ्या ट्रान्सपोर्टरने लावलेली, असं असू शकतं. नंबर नीट टिपा. ट्रेलर असेल तर ओढणाऱ्या गाडीचा आणि मागच्या ट्रेलरचा नंबर वेगळा असू शकतो. दोन्हींचा विमा तपासा. आरसी, परमिट, फिटनेस, थर्ड पार्टी विम्याची पॉलिसी आणि ड्रायव्हरचं लायसन्स, या पाचांच्या प्रती तपासाच्या कागदांत असायला हव्यात. जास्त माल भरल्याचा संशय असेल तर बिल्टी (ट्रान्सपोर्टरची मालाची पावती), ई-वे बिल (माल नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) आणि वजनकाट्याची पावती मागा. ड्रायव्हर किती तास सलग चालवत होता, हे जीपीएसच्या आणि फास्टॅगच्या नोंदींवरून कळू शकतं. या नोंदी जपून ठेवा, अशी नोटीस मालकाला लगेच पाठवणं हे वकिलाचं पहिलं काम असावं, असं माझं ठाम मत आहे. आठवडाभर थांबणारा वकील मला पटत नाही.

लायसन्स वैध नसलं की विमा कंपनी हात वर करते आणि कुटुंब खचून जातं. तिथे खचू नका. त्रयस्थ पीडिताला आधी भरपाई द्यायची आणि मग मालकाकडून वसूल करायची, असे आदेश न्यायालयांनी अनेकदा दिले आहेत. ट्रक पळून गेला आणि सापडलाच नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 161 खाली मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. रक्कम तोकडी आहे, पण ती सोडू नका.

1 एप्रिल 2022 पासून पोलिसांवर मुदती घातल्या आहेत. पहिला अपघात अहवाल 48 तासांत, अंतरिम अहवाल 50 दिवसांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जायला हवा. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याची अंमलबजावणी करायला सांगितलं आहे. प्रत्यक्षात पाठपुरावा केल्याशिवाय हलत नाही, म्हणून तारखा लिहून ठेवा. दावा दाखल करायला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. तिला आव्हान दिलेलं आहे, पण त्या वादाच्या भरवशावर राहू नका. अपघात दूर कुठे झाला तरी दावा तुमच्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात करता येतो. ड्रायव्हरवरचा फौजदारी खटला वेगळा चालतो. तो सुटला म्हणून तुमचा दावा संपत नाही.

भरपाईचा हिशोब वय आणि कमाई यांवर चालतो. माणूस गेला असेल तर 2009 च्या सरला वर्मा निकालातला तक्ता लागतो: 31 ते 35 वयाला 16 चा गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणतात तो आकडा), 36 ते 40 ला 15 चा. एका वर्षाने रक्कम बदलते, म्हणून जन्मतारखेचा पक्का पुरावा हवा. स्वतःचा धंदा असलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाच्या कमाईत भविष्यातल्या वाढीपोटी 40 टक्के धरतात, हे 2017 च्या प्रणय सेठी निकालाने ठरवलं. त्यासाठी पगारपत्रक, आयकर विवरण, बँकेचं पासबुक, शेतकऱ्याचा सातबारा, दुकानाची वही, जे असेल ते काढा. गृहिणीचं काम ही कमाईच धरली जाते; ‘ती घरीच होती’ असं स्वतःहून कुणी म्हणू नये. जखमी माणसाच्या बाबतीत अपंगत्वाच्या दाखल्यावरचा टक्का आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जखमी माणूस स्वतः पेशाने ड्रायव्हर असेल आणि त्याचा पाय गेला, तर दाखला काहीही म्हणो, त्याचं ते काम पूर्ण थांबतं. अपघाताआधी तो नेमकं काय काम करत होता, हे सांगणारा सहकारी साक्षीदार म्हणून शोधून ठेवा.

पीडिताचं लायसन्स, हेल्मेट, दारू याबद्दल काही अडचणीचं असेल तर ते वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. समोरचा ते शोधणारच आहे.

मला सगळ्यांत जास्त राग येतो तो दवाखान्याच्या दारात भेटणाऱ्या एजंटांचा. ‘खर्च एक पैसा नाही, मिळतील त्यातले इतके टक्के द्या’ म्हणत ते कोऱ्या वकीलपत्रावर सह्या घेतात. निकालावर अवलंबून फी ठरवणं आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांत वकिलाला मना आहे. फी आधी ठरवा, लेखी घ्या, कोरा कागद आणि कोरा चेक देऊ नका. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100.

विमा कंपनीचा तडजोडीचा प्रस्ताव आला तर त्याच दिवशी सही करू नका. विशेषतः मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 ची रक्कम, म्हणजे मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, दोष सिद्ध न करता मिळते. पण ती स्वीकारली की मोठ्या भरपाईचा दावा संपतो. लोकअदालतीतल्या तडजोडीवर अपीलही होत नाही. आधी वकिलाकडून गुणकाने हिशोब मांडून घ्या आणि मग दोन आकडे शेजारी ठेवून बघा. न्यायाधिकरणाचा निकाल कमी वाटला तर उच्च न्यायालयात जायला 90 दिवस असतात, म्हणून निकालाच्या सही-शिक्क्याच्या नकलेसाठी लगेच अर्ज करा. आणि प्रत्येक वारसाचं स्वतःच्या नावाचं बँक खातं आत्ताच उघडून घ्या, म्हणजे पैसे तिसऱ्या कुणाच्या खात्यातून फिरणार नाहीत.