पान लागायच्या आधी आणि लागल्यावर: घराभोवतीच्या सापांबाबत या चुका टाळा

आमचं घर परभणी जिल्ह्यात, गावाबाहेर मळ्यात. एका अंगाला गोठा, मागं कडब्याची गंजी, पुढं विहीर. माझी आजेसासू सापाचं नाव घेत नसे. 'लांबडं' म्हणायची, आणि कुणाला चावलं तर 'पान लागलं'. लांबडं हटवायच्या नादात आम्ही वर्षानुवर्षं जे जे केलं, त्यातलं बहुतेक वाया गेलं. उपयोगी पडल्या त्या चार साध्या सवयी. त्या वेळेवर लावून न घेतल्याची किंमत एकदा मोजली आहे, म्हणून हे लिहिते.

खाली अंथरूण टाकून झोपणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. पावसाळ्यात एका रात्री थोरल्या जावेचा मुलगा ओसरीवर वाकळ टाकून झोपला होता. पहाटे चारला उठला आणि पोट धरून बसला. मी ओवा-मीठ दिलं. उलटी झाली, तेव्हा आम्हाला वाटलं अपचन आहे. उजाडता उजाडता तो म्हणाला, "काकी, डोळे उघडंनात." पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या आणि बोलणं जड झालं होतं. अंगावर कुठंही सूज नाही, जखम नाही. दवाखान्यात नेल्यावर कळलं, ती मण्यार होती. दोन दिवस व्हेंटिलेटरवर काढून पोरगा परत आला. पण ओवा देण्यात गेलेले ते दीड-दोन तास मला अजून आठवतात.

मण्यार रात्री फिरते. तिचे दात इतके बारीक की झोपलेल्या माणसाला चावल्याचं बऱ्याचदा कळतच नाही. म्हणून खाली झोपून उठलेल्या माणसाचं पहाटे पोट दुखत असेल, घसा धरला असेल किंवा पापण्या जड झाल्या असतील, तर आधी मण्यारीचा संशय घ्या आणि दवाखाना गाठा.

त्या दिवसापासून आमच्याकडे बाजेशिवाय कुणी झोपत नाही. जागा नसेल तर खाली झोपा, पण मच्छरदाणी लावून तिच्या कडा चारी बाजूंनी अंथरुणाखाली नीट खोचून घ्या. मच्छरदाणी नुसती लोंबकळत असली तर तिचा उपयोग नाही.

उंदीर पोसणं

साप आपल्या घरासाठी येत नाही, तो उंदरासाठी आणि बेडकासाठी येतो. पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या भिंतीला टेकवून रचल्या की त्यात उंदीर होतात, मागोमाग साप येतो. सरपण घरापासून लांब, दगडावर फळ्या टाकून थोडं उंच रचा. जुन्या दगडी भिंतीच्या सांदी, दाराखालची फट आणि न्हाणीचं पाणी जाणारा पाइप या तीन वाटा बहुतेकांच्या ध्यानातच येत नाहीत. सांदी लिंपून घ्या, पाइपाला जाळी बसवा. सांडलेलं धान्य आणि कोंबड्यांचं खाद्य रात्री तसंच ठेवू नका.

कार्बोलिक ॲसिड, फिनेल, डांबरगोळ्या आणि लसणाचं पाणी यांनी साप अडत नाही. कार्बोलिक ॲसिडनं लेकराचे हातपाय मात्र भाजतात.

अंधारात हात घालणं

2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सुमारे 12 लाख माणसं सर्पदंशानं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. म्हणजे आपल्या पेरणी-खुरपणीचे दिवस. कडब्याची पेंढी ओढायच्या आधी काठीनं गंजी ठोका. रब्बीत रात्रीच्या पाळीची लाईट आली की मोटार चालू करायला चपलेवर पळू नका. बूट घाला, आणि स्टार्टरच्या पेटीत हात घालायच्या आधी बॅटरी मारा.

दिसला की मारणं, नाहीतर धरणं

धामण म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते, असं अजून सांगतात. सापाला दूध ओढून पिताच येत नाही. धामण बिनविषारी आहे आणि उंदीर खाऊन ती आपलं धान्य राखते. काठी घेऊन मागं लागलेल्या माणसाला चावा बसतो, आणि साप मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हाही आहे.

ओळखण्यातली चूक त्याहून धोक्याची. घोणसाला अजगराचं पिल्लू समजून लोक उचलायला जातात. पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा आणि कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार असेल तर ती घोणस. ती अंडी घालत नाही, एका वेळी 20 ते 40 पिल्लं देते, आणि पिल्लूही विषारी असतं. तपकिरी कवड्या बिनविषारी असतो. त्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे फिके होतात. काळ्या मण्यारीचे पांढरे पट्टे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. पण हे लांबूनच बघायचं. खात्री नसेल तर विषारीच धरून चाला.

घरात साप निघाला तर लेकरं आणि कुत्रं बाहेर काढा, आतल्या खोल्यांच्या दाराखाली गोधडी कोंबा आणि बाहेरचं दार उघडं ठेवा. एकानं लांबून नजर ठेवावी, कारण साप कुठं शिरला हे न कळणं सगळ्यात वाईट. वनविभागाचा 1926 हा क्रमांक आहे. सर्पमित्रालाही बोलवा. मात्र साप गळ्यात घालून फोटो काढणाऱ्याला बोलवू नका.

चावल्यावर वेळ घालवणं

लिंबाचा पाला चावायला देऊन 'कडू लागतो का' विचारणं, मारुतीच्या पारावर नेऊन ठेवणं, दोरी आवळणं, ब्लेडनं चिरणं, चोखणं, यातलं काहीही करू नका. आवळलेल्या दोरीनं पाय गमावावा लागू शकतो. कुणी आधीच बांधली असेल, तर ती डॉक्टरांसमोरच सोडा.

बांगड्या, अंगठी, जोडवी लगेच काढा, कारण सूज आली की ती निघत नाहीत. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालू देऊ नका. साप सोबत नेण्याची गरज नाही. मेलेल्या सापाचं तोंडही चावू शकतं, आणि आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच आहे.

दवाखान्यात 2 मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवतात. ते गोठलं नाही, तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय असं समजतात. त्या 20 मिनिटांत 'काहीच करत नाहीत' म्हणून भांडू नका. आणि बरं वाटलं तरी 24 तास तिथंच थांबा.

सगळ्यात जवळ लस कुठं ठेवतात आणि रात्री डॉक्टर असतात का, हे मृगाआधीच जाऊन विचारून या. 108 ला फोन करा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर मोटारसायकलवर मधे बसवा, मागच्यानं घट्ट धरावं, आणि निघा.