वळवाच्या वाऱ्यात प्रवासी बोट: रेस किती ठेवायची?

21 मे 2024 ला संध्याकाळी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. धरणाच्या फुगवट्यावर बोट चालवायला शिकताय, तर आधी वळवाचं गणित शिका.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा. ढग साधारण तेवढे किलोमीटर लांब. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. ढग ताशी 40 किलोमीटरने सरकत असेल तर पंधरा मिनिटांत डोक्यावर. चार किलोमीटरचं पात्र ताशी 15 ने ओलांडायला सोळा मिनिटं लागतात. रेस पिळून 20 गाठलेत तरी वाचतात चारच मिनिटं, आणि वारा तर ढगाच्याही पुढे धावतो. म्हणून तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला की दोर सोडायचा नाही. "एवढं काय, पोचू की" म्हणणारे काठावर असतातच. त्यांना काठावरच बसू द्या.

फलकावरचा वेग ही वरची हद्द आहे, वादळात तेवढ्या वेगाने जाण्याचा परवाना नव्हे. समुद्रावरचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियमही 'सुरक्षित वेगा'ला आकडा देत नाहीत. दिसतं किती, वारा-लाटा कशा, थांबायला अंतर किती लागतं, ते बघा म्हणतात. धरणातही हीच नजर ठेवावी.

मध्येच गाठलं तर नवशिके दोन चुका करतात. एक, काठाकडे सुसाट पळतात: बोटीचं तोंड लाटेवर आपटतं, पाणी आत येतं. दुसरी, घाबरून इंजिन बंद करतात. मग बोट लाटेला आडवी होते आणि कडेवरून लाट आत. सुकाणूला बोट जेमतेम ऐकेल एवढीच रेस ठेवा, तोंड लाटेला किंचित तिरकं धरा. वळायचंच असेल तर मोठ्या लाटा निघून गेल्यावर, एका दमात.

वारा दिसताच बाजूची ताडपत्री गुंडाळा, नाहीतर तीच शीड होते. माणसं फळीवरून खाली तळाशी बसवा. मोटारसायकल असेल तर आडवी पाडून बांधा. लाइफ जॅकेट नुसतं अंगात अडकवून चालत नाही, सगळे बक्कल लागलेले हवेत. सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघतं. म्हणून ते निघतानाच तपासायचं.

आपला धक्का गाठायचा हट्टही सोडा. वारा ज्या काठावरून येतो, तिथे लाट लहान असते; तो जवळ असेल तर तिकडेच वळा. मात्र मे महिन्यात पाणी उतरलेलं असतं. उजनीत पळसदेवचं देऊळही तेव्हा उघडं पडतं. तशाच जुन्या भिंती, झाडांचे बुंधे वीतभर पाण्याखाली दबा धरून असतात. काठाजवळ चालण्याच्या वेगाने, बांबूने तळ चाचपत जा.

आणि टेकल्यावर सगळे एकदम एका अंगाला उठतात. दोन्ही दोर बांधून होईपर्यंत कुणाला उठू देऊ नका. मग एकेक करून उतरवा.