व्हेपची कॉइल: कोणत्या ओहमची घ्यावी आणि कशी बदलावी

ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपच्या (म्हणजे ई-सिगारेटच्या) विक्रीवर बंदी आली. तेव्हापासून भरता येणारा पॉड किंवा टँक (निकोटिनचं लिक्विड ठेवायची कुपी) पहिल्यांदाच हातात घेणारे बरेच जण झाले आहेत. दोन दिवसांत जळका वास येतो, घसा खवखवतो, मग ‘मशीनच बेकार आहे’ म्हणून माणूस पुन्हा सिगारेटकडे वळतो. दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतो. आतली कॉइल (लिक्विड तापवणारा भाग) चुकीची असते, नीट भिजवलेली नसते किंवा संपलेली असते.

पुढची माहिती तिकडे राहणाऱ्या आणि सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांसाठी आहे. सिगारेट ओढतच नसाल तर या वाटेला जाऊ नका; निकोटिनची सवय लागते आणि ती सुटता सुटत नाही. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यावर बंदी आहे. त्यामुळे सुट्टीत पुण्या-मुंबईला येताना मशीन, कॉइल, लिक्विड सगळं तिकडच्या घरीच ठेवा.

ओहम म्हणजे नक्की काय ठरवतो

कॉइल म्हणजे धातूची एक छोटी डबी. तिच्या आत तारेचं वेटोळं किंवा बारीक जाळी असते आणि भोवती कापूस. डबीच्या अंगाला भोकं असतात, त्यांतून कापूस लिक्विड शोषतो, तार तापते आणि लिक्विडची वाफ होते. ओहम हे तारेच्या विद्युतरोधाचं माप. तो रोध जितका कमी, तितका प्रवाह जास्त आणि उष्णताही जास्त. हिशेब सोपा आहे: व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॅट. ३.७ व्होल्टला १.२ ओहमची कॉइल साधारण ११ वॅट घेते, ०.८ ची १७ आणि ०.४ ची ३४. वॅट जास्त तशी वाफ जास्त, आणि लिक्विड व बॅटरीही तितक्याच झपाट्याने संपतात.

सिगारेट ओढणारा माणूस धूर आधी तोंडात घेतो, मग छातीत ओढतो. ही सवय मोडू नका. पहिली कॉइल १.० ते १.६ ओहमच्या दरम्यानची घ्या आणि हवेचं भोक जवळजवळ बंद ठेवा. झुरका घट्ट येतो, वाफ थोडी निघते, पण निकोटिनची तलफ भागते. ०.६ ते ०.८ हा मधला पल्ला. थोडी सैल ओढ आवडणाऱ्यांना तो चालतो. ०.५ च्या खालच्या कॉइल हुक्क्यासारख्या थेट छातीत ओढण्यासाठी असतात. दुकानात ‘वाफ मस्त येते’ म्हणून त्या पुढे केल्या जातात, पण नवख्याने त्यांच्या नादी लागू नये.

याचं खरं कारण निकोटिन आहे. ब्रिटनमध्ये कायद्याने लिक्विडमध्ये मिलिलिटरला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम निकोटिन चालतं. १.२ ओहमच्या कॉइलवर १८-२० मिलिग्रॅमचं लिक्विड रोज पाकीटभर ओढणाऱ्याला पुरेसं होतं. तेच लिक्विड ०.३ च्या कॉइलवर घातलं तर एका झुरक्यात कितीतरी पट वाफ आत जाते आणि चक्कर, मळमळ, डोकेदुखी सुरू होते. कमी ओहमला ३, फार तर ६ मिलिग्रॅम. उलट १.२ च्या कॉइलवर ३ मिलिग्रॅम घातलं तर तलफ भागत नाही, माणूस झुरक्यावर झुरके मारत राहतो आणि कॉइल जाळतो.

दुसरी जोडी लिक्विडच्या दाटपणाची. बाटलीवर पीजी आणि व्हीजी यांचं प्रमाण लिहिलेलं असतं; पीजी म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल, ते पातळ असतं; व्हीजी म्हणजे ग्लिसरीन, ते दाट असतं. १ ओहमच्या वरच्या कॉइलची भोकं लहान, म्हणून तिथे ५०-५० चं पातळ लिक्विड. ०.५ च्या खालच्या कॉइलला ७० टक्के व्हीजी. दाट लिक्विड लहान भोकातून पुरेसं आत जात नाही आणि कापूस जळतो. पातळ लिक्विड मोठ्या भोकातून नुसतं वाहतं आणि टँक खालून गळतो. थंडीत व्हीजी आणखी घट्ट होतं, म्हणून जानेवारीत बाहेरून आल्या आल्या लांब झुरका मारू नका. मशीन थोडा वेळ खोलीत राहू द्या.

खरेदी करताना आणखी एक बघा. कॉइल प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मशीनचीही. इनोकिनच्या झेनिथ टँकला झेड कॉइल लागते, ती ०.८ आणि १.६ ओहममध्ये मिळते आणि दाबून बसते. अस्पायरच्या नॉटिलसची कॉइल आट्यांवर फिरवून बसवायची असते. व्हेपोरेसोच्या एक्सरॉससारख्या मशीनमध्ये कॉइल पॉडमध्येच पक्की असते. तिथे कॉइल बदलत नाही, अख्खा पॉड बदलावा लागतो. दुकानात जाताना जुनी कॉइल टिश्यूत गुंडाळून बरोबर न्या.

बदलायची कशी

मशीन बंद करा (बहुतेकांचं बटण पाच वेळा पटपट दाबल्यावर बंद होतं) आणि टँक सोडवून घ्या. उरलेलं लिक्विड बाटलीत काढा किंवा टिश्यूत टिपा. खालून उघडणारा टँक उलटा धरूनच उघडा, नाहीतर सगळं हातावर येतं. निकोटिन कातडीतून अंगात जातं, म्हणून सांडलेलं लगेच पुसा आणि हात साबणाने धुवा. लहान मुलं आणि मांजर-कुत्री आसपास नकोत.

जुनी कॉइल काढा. चिकटली असेल तर टिश्यूने पकडून फिरवा; पक्कड लावली तर डबी चेपते. टँक कोमट पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा. रबरी रिंगा जागेवर आहेत का, कुठे पिळल्या-फाटल्या नाहीत ना, हे आत्ताच बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, कॉइल भिजवणं. बाजूच्या प्रत्येक भोकावर लिक्विडचा एकेक थेंब टाका आणि वरच्या तोंडातून आत दोन-तीन. भोकात दिसणारा पांढरा कापूस ओला, किंचित पारदर्शक दिसू लागला की थांबा. जास्त ओतलं तर मधली नळी भरते आणि पहिल्याच झुरक्याला लिक्विड तोंडात येतं.

कॉइल सरळ बसवा. आटे तिरके लागले तर जोर करू नका, उलटं फिरवून पुन्हा लावा. बोटाने घट्ट होईल इतकंच आवळा. लिक्विड टँकच्या कडेने भरा, मधल्या नळीत नाही, आणि वर थोडी हवा राहू द्या. मग दहा मिनिटं तसंच ठेवा. नव्या कॉइल जळतात त्या बहुतेक या दहा मिनिटांची घाई केल्यामुळेच. त्यानंतर बटण न दाबता तीन-चार हलके झुरके घ्या, म्हणजे लिक्विड कापसात ओढलं जातं. ओढताच आपोआप चालू होणाऱ्या मशीनला हे करू नका. तिथे नुसतं थांबा.

कॉइलवर वॅटचा पल्ला कोरलेला असतो, समजा १० ते १४. सुरुवात १० वरून करा, पाच-सहा झुरक्यांनंतर एकेक वॅट वाढवा आणि चव आवडेल तिथे थांबा. नुकती बसवलेली कॉइल गार असताना पडद्यावरचा आकडा बघा. ०.८ च्या जागी ०.७८ किंवा ०.८४ दिसलं तर हरकत नाही. ‘नो अॅटमायझर’ (म्हणजे मशीनला कॉइल सापडत नाही) दिसलं तर कॉइल पूर्ण बसलेली नाही किंवा खालचा संपर्कबिंदू ओला आहे. कोरड्या टिश्यूने पुसून परत लावा. ‘शॉर्ट’ दिसलं आणि पुन्हा बसवूनही गेलं नाही तर ती कॉइल वापरू नका.

बिघडतं तेव्हा

जळकी चव आली की लगेच थांबा. टँक रिकामा आहे का, वॅट जास्त आहेत का, लागोपाठ झुरके घेतले का, हे तपासा. कापूस एकदा करपला की कितीही लिक्विड ओता, ती चव जात नाही, कॉइल बदलायचीच. गुडगुड आवाज आणि तोंडात थेंब येत असतील तर नळीत लिक्विड साचलंय. टँक सोडवा, माउथपीस टिश्यूवर टेकवून खालच्या बाजूने फुंका आणि यापुढे हळू ओढा. फार कमी वॅट ठेवले तरी हेच होतं, कारण आलेलं लिक्विड वाफ न होता तसंच राहतं.

एक कॉइल साधारण एक ते दोन आठवडे चालते. गोड, गडद रंगाच्या लिक्विडमधला गोडवा तारेवर काळा थर धरतो आणि ती चार-पाच दिवसांतही संपू शकते. कॉइल वरचेवर बदलावी लागत असेल तर आधी लिक्विड बदलून पाहा. चव फिकी पडली, वाफ कमी झाली, लिक्विड काळपट दिसू लागलं की जळायची वाट न बघता नवी लावा. जुनी कॉइल कचऱ्याच्या डब्यात नको. ब्रिटनमधल्या व्हेप विक्रेत्यांवर जुना माल परत घेण्याची जबाबदारी आहे. नवी घ्यायला जाल तेव्हा जुन्या एका पिशवीत घालून तिथेच द्या.