गोळीची आठवण फोनवर, घरात कुणाला न कळता

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका सरकारी दवाखान्यात मी समुपदेशक आहे. पोरं मला अक्का म्हणतात. लैंगिक आजाराची औषधं घेऊन गेलेल्या १८-१९ वर्षांच्या पोरांचा कोर्स अर्धवट राहिला, की आपण म्हणतो, विसरली असतील. विसरणारी असतात, पण थोडी. बाकीच्यांना गोळी खायला घरात आडोसाच मिळत नाही. म्हणून फोनवर आठवण लावताना मी गुपित आधी बघते, आठवण नंतर. हे लिहितेय ते आशाताई, सिस्टर आणि नव्याने या कामात आलेल्यांसाठी.

सुरुवातीला मी उलटं केलं होतं. १९ वर्षांच्या एका मुलीला रात्री मेसेज टाकला, ‘गोळ्या घेतल्यास का?’ फोन त्या वेळी तिच्या भावाच्या हातात होता. ती पुन्हा दवाखान्यात आलीच नाही. तिचा कोर्स पुरा झाला का, हे मला आजही माहीत नाही.

तेव्हापासून किट (आजाराप्रमाणे रंग ठरलेलं औषधांचं पाकीट) हातात द्यायच्या आधी मी फोनबद्दल विचारते. फोन तुझा की घरचा? लॉक कुणाकुणाला माहीत आहे? सकाळी आठला आणि रात्री आठला तो कुणाच्या हातात असतो? स्क्रीन बंद असताना मेसेज वर दिसतो का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण थांबतात, कारण ते त्यांनी कधी बघितलेलंच नसतं. तिथंच सेटिंग उघडून लॉक स्क्रीनवरचा मजकूर झाकून घ्यायचा. दोन मिनिटांचं काम आहे, पण समोर बसवून करून घ्या. ‘घरी जाऊन कर’ म्हटलं की ते होत नाही.

त्याहीआधी एक गोष्ट सरळ सांगायची. समोरचं पोर १८ च्या आतलं असेल, तर पोक्सो कायद्याप्रमाणे (२०१२) लैंगिक संबंधाची माहिती कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. ‘कुणालाच सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका. तो मोडला तर ते पोर पुन्हा कुठल्याच दवाखान्याची पायरी चढणार नाही. काय कळवावं लागतं आणि काय आपल्यातच राहतं, हे त्याने तोंड उघडायच्या आधी सांगा.

आता औषध. एका डोसचं असेल तर फोनचा विषयच नाही. करड्या किटातल्या अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिमच्या गोळ्या पाण्याचा पेला देऊन समोरच गिळायला लावा, झालं. खरी परीक्षा लांबच्या कोर्सची. लाल किटातलं असायक्लोव्हिर दिवसातून तीनदा, सात दिवस. ओटीपोटात दुखणाऱ्या मुलींचं पिवळं किट तर १४ दिवसांचं: डॉक्सिसायक्लिन सकाळ-संध्याकाळ, मेट्रोनिडॅझोल सकाळ-संध्याकाळ. म्हणजे एकूण ५६ गोळ्या लपवून खायच्या. चौथ्या दिवशी गुण येतो, दुखायचं थांबतं, आणि इकडे मेट्रोनिडॅझोलने तोंड कडू झालेलं असतं. पोरगी स्ट्रिप कपाटाच्या तळाशी टाकते.

अॅप डाउनलोड करायला सांगू नका. औषधाचं अॅप फोनमध्ये दिसलं की घरात प्रश्न सुरू होतात. शिवाय कणकुंबी, जांबोटीकडच्या रानातल्या गावांत पावसाळ्यात रेंज जाते ती जातेच. फोनमधलं साधं घड्याळ रेंज नसली तरी वाजतं. पिवळ्या किटासाठी त्यात दोन अलार्म लावा आणि नाव त्या पोराने स्वतः द्यावं. ‘पाणी भरणे’, ‘चार्जिंग’, ‘गणित’, काहीही चालेल. सूर रोजच्या अलार्मचाच ठेवा, वेगळा वाजला की लोक विचारतात. वेळ ठरवताना गोळी कागदावर कितीला लिहिली आहे ते मी धरत नाही. दोन डोसांत साधारण बारा तास राहतील आणि फोन पोराच्याच हातात असेल, अशी वेळ शोधते. वीज गेली आणि फोन बंद पडला तर? मग डेअरीला दूध घालायला जायची वेळ, शेवटची बस यायची वेळ, असं काहीतरी रोजचं जोडून द्या. गोळी मात्र दुधाबरोबर नको. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका जळते. शाळा-कॉलेजात मिळणारी लोहाची निळी गोळी त्याच वेळी घेऊ नये, दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं. मुलगी गरोदर असण्याची शक्यता असेल तर डॉक्सिसायक्लिन सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना सांगा.

आमची बरीच पोरं हॉटेलात कामाला गोव्याला जातात. त्यांना मेट्रोनिडॅझोलबद्दल ठासून सांगते: कोर्स संपून तीन दिवस होईपर्यंत दारू नाही.

हे सगळं कागदावर लिहून दिलं तर तो कागद घरी सापडतो, आणि स्ट्रिपवर मराठी नसतं. पोरं मराठी शाळेतली. म्हणून मी मराठीत मिनिटभराचा आवाज रेकॉर्ड करून पाठवते. त्यात आजाराचं नाव घेत नाही, नुसती गोळी कशी घ्यायची ते सांगते. ‘इअरफोन लावून ऐक गा’ हे आधीच सांगून ठेवते. चॅटवर २४ तासांत मेसेज पुसले जातील अशी सोय लावते, चॅट लॉकही करते.

विचारपूस तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी. तिसरा दिवस चुकवू नका, कारण बहुतेक जण त्याच्या पुढेच गळतात आणि ओटीपोटाच्या दुखण्यात तीन दिवसांत उतार पडला नाही तर पुन्हा तपासावंच लागतं. शब्द आधी ठरवलेले असतात. मी विचारते, ‘पुस्तक आणलंस?’ ‘होय की’ म्हणजे चालू आहे. ‘उद्या आणते’ म्हणजे अडचण आहे, मग फोन तिने करायचा, मी नाही. स्ट्रिपचा फोटो हवाच असेल तर एकदाच दिसणारा पाठवायला सांगा, गॅलरीत राहू देऊ नका. आणि या पोरांना कुठल्याही ग्रुपमध्ये घालू नका. माझ्या फोनवरही त्यांची नावं नाहीत, रजिस्टरचे नंबर आहेत.

डोस चुकला तर आठवेल तेव्हा घ्यायचा. पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्यायचा, दोन एकदम नाही. हे पहिल्याच दिवशी सांगा. चुकल्यावर पोरं घाबरतात आणि सगळंच सोडतात.

ज्याच्याकडे फोनच नाही त्याच्यासाठी क्षयरोगाच्या कामातली ९९डॉट्सची युक्ती मनात धरा. तिथं गोळी काढली की पाकिटावर लपलेला नंबर दिसतो आणि रुग्ण त्यावर फुकट मिस्ड कॉल देतो. आपल्याकडे तसली पाकिटं नाहीत, पण मिस्ड कॉल आहे. मैत्रिणीच्या फोनवरून दिवसाआड एक द्यायचा. मुलींना दवाखान्यात येणंही आता सोपं झालंय, २०२३ पासून कर्नाटकात त्यांना सरकारी बसला तिकीट पडत नाही.

जोडीदाराचा उपचार झाला नाही तर सगळी मेहनत वाया. दोघांचं औषध पुरं होईपर्यंत संबंध टाळायचा, एका डोसचं असेल तर त्यानंतर सात दिवस. जोडीदाराला सांगायला जीभ रेटत नसेल तर १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा फुकट नंबर द्या.

चौदाव्या दिवशी दोघांनी मिळून अलार्म पुसायचे. मग कॅलेंडर उघडून तीन महिन्यांनंतरची एक तारीख टाकायची, एचआयव्ही आणि सिफिलिसच्या रक्ततपासणीची. त्या दिवशी स्क्रीनवर ‘खानापूरला जाणे’ एवढंच येतं.