लेखनाचं बक्षीस घ्यायला विद्यापीठात जायचंय? गावाकडून निघायच्या आधी हे पाहून घ्या

मागच्या वर्षी माझ्या कथेला दुसरं बक्षीस लागलं म्हणून विद्यापीठात गेलो होतो. स्टेजवर किती वेळ होतो सांगू का, बाबांच्या मोबाईलमधला व्हिडिओ २६ सेकंदांचा आहे आणि त्यातही अर्धा वेळ समोरच्या माणसाचं टक्कलच दिसते. पण त्या २६ सेकंदांच्या आधी आणि नंतर ज्या भानगडी झाल्या त्या कोणी पहिलेच सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. यंदा आमच्या कॉलेजातल्या एका पोरीचं कवितेच्या बक्षिसात नाव आलं, तिनं विचारलं दादा काय काय न्यायचं, तिला जे सांगितलं तेच इथं लिहितो.

पत्र आलं की पहिले नाव पाहा

बक्षिसाचं पत्र बहुतेक वेळा कॉलेजच्या मेलवर येते आणि तिथंच पडून राहते, म्हणून मराठीच्या सरांना नाहीतर ऑफिसातल्या बाबूंना दोन दिवसाआड विचारत राहा, लाजू नका. पत्र हातात आलं की स्टेटसला टाकायच्या आधी आपलं नाव एकेक अक्षर वाचून पाहा. मार्कशीटवर जसं आणि ज्या क्रमानं आहे तसंच पाहिजे, कारण पत्रातलंच नाव पुढं प्रमाणपत्रावर छापून येते. माझ्या आडनावातल्या ढ चा ध झाला होता, मी म्हटलं जाऊ दे, एका अक्षरानं काय होते. तर आता ते प्रमाणपत्र कुठंही जोडलं की समोरचा माणूस मार्कशीट पाहते, मग माझ्याकडे पाहते. चूक दिसली तर त्याच दिवशी प्राचार्यांच्या सहीचा अर्ज आणि मार्कशीटची झेरॉक्स विद्यार्थी विकास विभागात पाठवा आणि वर फोनही करा. छापून झाल्यावर कोणी ऐकत नाही.

पासबुक उघडून पाहा

स्टेजवर मिळणाऱ्या पाकिटात पैसे असतातच असं नाही राजेहो. बक्षिसाची रक्कम आता जास्त करून खात्यावर येते, त्यासाठी पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणि आधारची झेरॉक्स मागतात, दोन-दोन कॉप्या ठेवा. दहावीत शिष्यवृत्तीसाठी काढलेलं खातं असेल तर ते चालू आहे का ते पाहा, दोन वर्षं काहीच देवाणघेवाण नसली तर बँक ते निष्क्रिय करू शकते आणि पैसे अडकतात. आणि आपल्याकडे अर्ध्या गावाचं खातं विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होतं, ती १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली, म्हणून जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड तसाच्या तसा लिहून देऊ नका, शाखेत विचारून घ्या.

गाडी आणि फाटा

खरी परीक्षा ही आहे. अमरावती विद्यापीठाखाली अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम असे पाच जिल्हे आहेत, नागपूरखाली नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, आणि गडचिरोलीतल्या गोंडवाना विद्यापीठाखाली चंद्रपूर, गडचिरोली. म्हणजे सिरोंच्याच्या पोराला गडचिरोलीला यायचं तर दोनशे किलोमीटरच्या आसपास पडते, आणि धारणीची पोरगी अमरावतीला निघाली तर परतवाड्यापर्यंत मेळघाटचा घाट, पोट सांभाळत यायचं. अशा लांबच्यांनी आदल्या दिवशीच निघा, नातेवाईक नसले तर वसतिगृहात एका रात्रीची सोय होते का ते फोन करून विचारा, विचारलं तर होते बरेचदा, न विचारता गेलं तर वॉचमन गेटवरच थांबवते. गडचिरोलीवाल्यांनी रेल्वेच्या भरवशावर राहू नका, शहरात स्टेशन नाही, वडसापर्यंत रेल्वे आणि पुढं बस.

ज्यांच्या गावात मुक्कामी एसटी येते त्यांनी सकाळची तीच गाडी धरा, काळीपिवळी जीप भरेपर्यंत ड्रायव्हर हलत नाही आणि तुमच्या कार्यक्रमाचं त्याला काही पडलेलं नसते. आईला अर्धं तिकीट लागते (बायांना एसटीत ५० टक्के सवलत मार्च २०२३ पासून आहे) आणि आजी-आजोबा ७५ च्या वर असतील तर फुकट, फक्त आधार कार्ड संगं ठेवा. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते जातानाच कंडक्टरला विचारून घ्या. पत्रिकेवर अकराची वेळ असली तरी पाहुणे येऊन, हारतुरे होऊन, बक्षिसं सुरू व्हायला साडेबारा होतात, मग जेवण, मग फोटो. आमची शेवटची गाडी गेली होती, फाट्यापासून साडेतीन किलोमीटर अंधारात पायी आलो, ट्रॉफी बाबांच्या दुपट्ट्यात गुंडाळलेली.

घरच्यांना नेच

पत्रात पालकांचा उल्लेख नसला तरी न्या. फोन करून विचारा, जागा असते, नसली तर मागं उभं राहता येते. तुरी सोंगायच्या आहेत, हरभरा आला आहे, असं म्हणतीलच ते, तरी न्या. माझ्या बाबांनी हॉलच्या दारात चपला काढल्या, आत एसी आणि गालिचा पाहून त्यांना वाटलं इथं चपला चालत नसतील, मी पुढच्या रांगेत बसलो होतो म्हणून मला समजलंच नाही, बाहेर आलो तेव्हा दाराशी एकच जोड होता. म्हणून आधी पाच मिनिटं त्यांना सगळं दाखवून द्या, बसायचं कुठं, पाणी कुठं, संडास कुठं, जेवणाचं कूपन कोणाकडून घ्यायचं.

कपड्यांचं फार टेन्शन घेऊ नका, धुतलेला इस्त्रीचा शर्ट पुरते. नवे बूट मात्र घालू नका, टाच सोलते.

स्टेजवर

गेल्या गेल्या नोंदणीच्या टेबलावर सही करा, नाहीतर गैरहजर धरतात आणि बक्षीस कुरियरनं पाठवू म्हणतात. आपल्या आधी कोणाचं नाव आहे ते पाहून ठेवा आणि ते पुकारलं की उठून पायऱ्यांपाशी जा. प्रमाणपत्र डाव्या हातात, उजवा हात मिळवायला मोकळा, मग जागेवर थांबून कॅमेऱ्याकडे पाहा, पोरं घाईनं पळतात आणि फोटोत पाठच येते. मनोगत बोलायला सांगितलं तर दोन मिनिटांत आटपा आणि वऱ्हाडी येत असेल तर बिनधास्त वऱ्हाडीत बोला, भाषणाची मराठी सगळेच बोलतात, तिथं कोणी मान वर करत नाही.

आपलं बक्षीस झालं की उठून जायचं नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण निम्मा हॉल तेव्हाच रिकामा होते. परीक्षक असेल तर जेवणाच्या रांगेत त्यांना गाठा आणि एवढंच विचारा की माझ्या लेखनात काय खटकलं. माझी कथा रात्रीच्या ओलिताची होती, म्हणजे पिकाला पाणी द्यायची, रात्रपाळीची लाईन आली आणि माणूस एकटा वावरात गेला अशी. परीक्षक मॅडम म्हणाल्या शेवटचे दोन परिच्छेद कापले असते तर पहिलं बक्षीस होतं. बाबा बाजूला पत्रावळ धरून उभे, ते म्हणाले, मॅडम, त्यानं लिहिलं हिरवं बटन दाबलं अन् मोटर चालू झाली, असं होते का कुठं, पहिले तिन्ही फेज आले का ते पाहा लागते, नाहीतर मोटर जळते. मॅडमनं पर्समधून पेन काढून ते लिहून घेतलं. कथा बाबांनी कधी वाचली मला माहीत नाही.

परत आल्यावर

विद्यापीठ कथा छापायला मागेल, एखाद्या कागदावर सही मागेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं लेखनाचा हक्क पहिले लिहिणाऱ्याचाच असते आणि तो लेखी दिल्याशिवाय जात नाही, म्हणून एकदा छापायची परवानगी देता आहात की हक्कच देऊन टाकता आहात ते वाचून मग सही करा. मूळ लेखन युनिकोडमध्ये स्वतःच्या मेलवर ठेवा, श्रीलिपीत टाईप केलेली फाईल, तो फॉन्ट नसला की दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नुसती वेडीवाकडी चिन्हं दाखवते.

फोटो मागताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणा, साधा पाठवला की चेहरा पुसट होते. आणि प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका बापा, नंतर त्यावर शिक्का बसत नाही, पन्नीच्या फाईलमध्ये टाका आणि फाईल कोठीत उंदरांपासून दूर ठेवा.